आरजी म्हणजे कोण?

काही ठिकाणी किस्से आपोआप साठत जातात, आमच्या चिंचेच्या पाल्यासारखे. सकाळी लोपीस सर खराटा घेऊन सगळं लख्ख झाडतात, हात धुऊन मागे बघतात, तर पाठीमागे पुन्हा तेवढाच पाला! आम्ही आठ-दहा जण रोज साडेसहा ते आठ त्या चिंचेखाली बसतो. घरी निघताना प्रत्येकाच्या डोक्यात दोन-चार पानं अडकलेली असतात आणि पोटात एक नवा किस्सा असतो. माझे मिस्टर म्हणतात, "तू फिरायला जातेस की बातम्या गोळा करायला?" मी म्हणते, दोन्ही.

तर आमची आरजी. आरजी म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकते, कारण तिथे बसल्यावर ते उच्चारायला आमच्यात बंदी आहे. विरारला मनवेलपाड्यात आमच्या कॉम्प्लेक्सच्या चार विंग आहेत आणि मधोमध एक तुकडा मोकळा सोडलाय. बिल्डरच्या नकाशात त्या तुकड्यावर दोन इंग्रजी अक्षरं आहेत, आर आणि जी. रिक्रिएशन ग्राउंड. माणसांनी हवा खावी, पोरांनी खेळावं म्हणून राखलेली जागा. पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे "आरजी"च म्हणतात. "आरजीपाशी सोडा." "आरजीत भेट." "तुमची मांजर आरजीत झोपलीय." निम्म्या लोकांना पूर्ण नाव ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही.

आरजीत आहे काय? एक जुनी चिंच, तीन बाकडी, एक घसरगुंडी, लहान मुलांचा एक झोका, एक कढीपत्ता आणि कडेकडेने चालायला फरशांची वाट. संपली आरजी! माझी दादरची नणंद पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला मोठ्या कौतुकाने खाली नेलं. तिने मधोमध उभं राहून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण बाग कुठे आहे?"

* * *

पहिला किस्सा घरचाच.

आम्ही फ्लॅट बघायला आलो तेव्हा एजंटने एकच पालुपद लावलं होतं, "ए विंग, सगळे फ्लॅट गार्डन फेसिंग!" हॉलच्या खिडकीतून बघितलं तर समोर बी विंगची वाळत घातलेली चादर. बेडरूमच्या खिडकीतून बघितलं तर विजेचा डीपी. मिस्टर म्हणाले, "गार्डन कुठे फेस करतंय?" एजंट म्हणाला, "या ना सर, दाखवतो," आणि त्यांना बाथरूममध्ये घेऊन गेला. आत बादली पालथी घालून तिच्यावर उभं केलं. वरच्या झरोक्यातून बघायला लावलं.

मिस्टर स्वभावाने फार प्रामाणिक. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "दिसतं."

आणि आम्ही फ्लॅट घेतला! पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचा गार्डन फेसिंग आहे, फक्त आधी आंघोळीला जावं लागतं."

गेल्या वर्षी त्यांचा पाय मोडला. दोन महिने प्लॅस्टरमध्ये. मी म्हटलं, तुमचा पलंग हॉलमध्ये घेऊ का, टीव्ही दिसेल. म्हणाले, "टीव्ही नको. पलंग इथेच राहू दे, फक्त तेवढं बाथरूमचं दार उघडं ठेव."

* * *

लोपीस सर मूळचे जवळच्याच गास गावचे. आयुष्यभर गणित शिकवलं, आता बी विंगमध्ये लेकीकडे राहतात. गावात अजून वाडी आहे. रविवारी चर्चमधून परस्पर वाडीवर जायचं आणि शेणखताची गोणी स्कूटरवर पुढे उभी करून आणायची, हा त्यांचा नेम. रस्त्यात कुणी लिफ्ट मागितली तर म्हणतात, "माझ्याबरोबर आधीच एक बसलेत."

त्यांनी आरजीत कढीपत्ता लावला. आता चार विंगमध्ये एक कढीपत्ता म्हणजे विचार करा! झाडाची वाढ कमी आणि फोडण्या जास्त. पाऊस संपेस्तोवर नुसत्या काड्या उरल्या. सरांनी "पाने तोडू नयेत" अशी पाटी लावली. लोक पाटी वाचायला जवळ जायचे आणि वाचता वाचता चार पानं तोडून आणायचे.

मग सरांतला मास्तर जागा झाला. त्यांनी टाइमटेबल केलं. सोमवार ए विंग, मंगळवार बी, बुधवार सी, गुरुवार डी. एका घराला एकच डहाळी. शुक्रवार-शनिवार राखीव, म्हणजे सत्यनारायण, बारसं वगैरे. आणि खाली लाल अक्षरात लिहिलं, "रविवारी झाडाला सुट्टी."

यावर आमच्या मजल्यावरच्या एक बाई अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "सर, पण आमच्याकडे पोहे रविवारीच असतात हो!"

सर बधले नाहीत. पुढच्या रविवारी ते चर्चला न जाता घसरगुंडीच्या मागे दबा धरून बसले. साडेआठला एक बाई ओढणीने तोंड झाकून आली, इकडे तिकडे बघितलं आणि डहाळी मोडली. सर ओरडतच बाहेर आले, "नाव काय? कुठली विंग?"

बाईने ओढणी काढली. "बाबा, तुमच्याच सांबाराला हवाय."

* * *

आता माझा एक सांगते. मी नाही सांगितला तर बाकीचे सांगतील, आणि वाढवून सांगतील.

मी पोस्टातून रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जन्मभर खिडकीमागे बसलेली बाई, सकाळी सहाला एकदम मोकळी! आरजीत चिटपाखरू नव्हतं आणि समोर झोका. म्हटलं, कोण बघतंय? झोका लहान मुलांचा, पडू नये म्हणून पुढे लोखंडी दांडी असलेला. बसताना बसले. मस्त झोके घेतले. उठायला गेले तेव्हा कळलं, आपल्याबरोबर झोकाही उठतोय.

मिस्टरांना फोन केला. ते लेंग्यावरच धावत आले आणि आधी फोटो काढला! मग लोपीस सर आले. त्यांनी मला दोन बाजूंनी न्याहाळलं, "कोन बदलायला हवा" एवढं सांगितलं आणि पुढचं गणित न सोडवता उभे राहिले. शेवटी आमचे सेक्रेटरी आले, पाटणकर.

पाटणकरांबद्दल सांगायचं तर हा माणूस नोटीस लिहिण्यासाठीच जन्माला आलाय. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" हे त्यांचं श्वास घेणं. पण त्या दिवशी ते आल्या पावली वळले. घरी गेले, खोबरेल तेलाची बाटली आणली, मान दुसरीकडे वळवून ती मिस्टरांच्या हातात दिली आणि जाऊन आरजीच्या गेटवर पाठ करून उभे राहिले. मी सुटेपर्यंत आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "पाच मिनिटं थांबा, मेंटेनन्स चालू आहे."

केवढे सभ्य, म्हटलं मी. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस! "झोका बारा वर्षांखालील मुलांसाठी आहे. ज्येष्ठ सभासदांनी सहकार्य करावे." माझं नाव कुठेही नव्हतं. फक्त खाली कुणीतरी पेनाने तेलाची बाटली काढली होती.

* * *

काशीआजींचा किस्सा नीट ऐका, कारण बंदी तिथून सुरू झाली.

काशीआजी सी विंगला तळमजल्यावर नातवाकडे राहतात. आमच्या चारही विंग जिथे उभ्या आहेत तिथे त्यांची भातशेती होती. जमीन गेली, बदल्यात तो फ्लॅट मिळाला. आजींचं वय विचारलं तर "चिंचंपरीस कमी" म्हणतात. रोज सकाळी घरून पाट आणतात आणि चिंचेच्या बुंध्याशी बसतात. बाकड्यावर कधी बसत नाहीत. का, तर "बाकडा पावन्यांना." पाहुणे म्हणजे आम्ही!

एकदा डी विंगची नवी सून खाली आली. साताऱ्याची पोर, दोनच महिने झालेले. तिने सरळ विचारलं, "आजी, इथे सगळे आरजी आरजी करतात, म्हणजे काय हो?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आजींनी आधीच डोक्यावर पदर घेतला. मान खाली घातली आणि नव्या नवरीसारख्या लाजून म्हणाल्या, "आमचे ह्ये."

"ह्ये म्हणजे?"

"ह्ये म्हंजे ह्ये! मालक!"

त्यांच्या मालकांचं नाव मला पोस्टातल्या दिवसांपासून माहीत होतं. मी हळूच विचारलं, "राघो गणपत?" आजींनी पदर आणखी पुढे ओढला. नाव ऐकलं की त्या असंच करतात. स्वतः तर लग्न झाल्यापासून त्यांनी ते कधी तोंडातून काढलेलं नाही.

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. जमीन देताना राघो गणपतांनी शेठला, म्हणजे बिल्डरला, एकच अट घातली होती. चिंच तोडायची नाही आणि तिच्याखालची जागा माझ्या नावाने ठेवायची. शेठ हो म्हणाला. कागदावर काही नाही, तोंडी बोलणं. पुढे नकाशा आला. आजींच्या मुलाने, दहावी झालेला होता तो, नकाशावर बोट ठेवून वाचलं, "बाबा, चिंचंपाशी आर जी लिवलंय." आर म्हणजे राघो, जी म्हणजे गणपत! म्हातारबाबा कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. "शेठ शब्दाला जागला," म्हणाले. पुढच्याच वर्षी गेले.

"इतकी वरसं संसार केला, पन कदी त्यांचं नाव घेतलं नाय," आजी म्हणाल्या. "आता दिसातना ईस येला घेते. आरजी, आरजी. विंग्रजीत चालतं!"

मी लोपीस सरांकडे बघितलं. हा माणूस रसवंतीच्या पाटीवरचा "उस" सुद्धा दुरुस्त करून येतो. खिशात खडू असतो त्यांच्या. मला वाटलं, आता हे सांगणार की आजी, तसं नाही, त्याचा अर्थ असा असा. सरांनी एकदा आजींकडे बघितलं, एकदा चिंचेकडे बघितलं आणि खराटा उचलून नुकतीच झाडलेली जागा पुन्हा झाडायला लागले.

नियमाप्रमाणे जागा सोडायचीच होती, हे मलाही कळतं. पण ती कुठल्याही कोपऱ्यात सोडता आली असती. नेमकी चिंचेखालीच का सोडली, हे विचारायला शेठही आता राहिलेला नाही. तेव्हापासून आरजीत बसून आरजीचं पूर्ण नाव घ्यायचं नाही असं ठरलं. कुणी ठराव केला नाही, कुणी नोटीस लावली नाही. आमच्या कॉम्प्लेक्सच्या इतिहासात नोटिशीशिवाय पाळला गेलेला हा एकमेव नियम!

* * *

बंदी मोडायचा प्रयत्न एकदाच झाला, तोही नकळत. डी विंगमध्ये एक उत्साही योगा शिक्षक राहायला आले. त्यांनी गेटवर रंगीत पोस्टर लावलं, "रिक्रिएशन ग्राउंडवर मोफत योगा." आजींना वाचता येत नाही, पण त्यांची नातसून त्यांना येता-जाता सगळी पोस्टर्स वाचून दाखवते. लोपीस सर तिथल्या तिथे घरी गेले, कागद आणि डिंक घेऊन आले आणि पोस्टरवर चिकटवायला लागले.

योगावाले धावत आले. "सर, स्पेलिंग चुकलं का?"

"पूर्ण चुकलंय," सर म्हणाले, आणि वर लिहिलं, "आरजीत."

योगा सुरू झाला. पहिल्या दिवशी बारा जण. सगळं छान चाललं होतं. शेवटी शवासन. आजींना यायला उशीर झाला होता. त्या पाट आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेटातून आत आल्या तर चिंचेखाली बारा माणसं उताणी, डोळे मिटून गप्प पडलेली!

"आगं बाय! पानी आना गो, पानी!" आजी ओरडल्या, आणि कुणी काही सांगायच्या आत हातातला तांब्या योगा शिक्षकांच्या तोंडावर रिकामा केला.

शिक्षक ताडकन उठून बसले. आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यो वाचला. बाकीच्यांना बगा!"

* * *

मध्यंतरी पाटणकरांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. आरजीच्या वाटेने चाळीस फेऱ्या. आता पाटणकर चालायला लागले की त्यांना प्रत्येक फेरीत नोटिशीचा नवा विषय सापडायचा. इथे पाइप गळतोय, तिथे कुणी चप्पल ठेवलीय. तेवढ्यात मोजणी चुकायची. अठरा झाल्या की अठ्ठावीस, पत्ता नाही.

आजींनी उपाय काढला. ओटीत चाळीस चिंचोके घेऊन बसायच्या. पाटणकर समोरून गेले की एक चिंचोका करवंटीत टाकायचा, टक्! पाटणकर पुढे, टक् मागे.

एक दिवस उकाडा फार होता. पाटणकर घाम पुसत बाकड्यावर बसले. "झाल्या चाळीस."

"शेकेटरी, हितं आजून चार हायेत."

"आजी, तुमची मोजायला चूक झाली असेल."

"मी चुकले आसन," आजी म्हणाल्या, "पन चिंचोके कशे चुकतील?"

पाटणकर उठले. चार फेऱ्या मारल्या. जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस, चिंचोक्यांचं ऐकायला लागला! तीन महिन्यांनी रिपोर्ट उत्तम आले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यांत आधी आजींकडे गेले. म्हणाले, "आजी, देवासारखा डॉक्टर भेटला. वाचवलं त्याने."

आजींनी पेढा तोंडात टाकला. "आसंल. पन मोजाया कुठं आला व्हता त्यो?"

* * *

आता जरा वाईट वाटणारा भाग.

आमच्याकडे हल्ली घरटी गाडी झालीय. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये रिक्षा अडकलेली आणि रोज सकाळी भांडण. पाटणकरांनीही गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर उभी असताना कुणीतरी दारावर हा एवढा ओरखडा काढला. त्या दिवसापासून पाटणकरांना आरजी निराळी दिसायला लागली. बाकड्यावर बसून डोळे बारीक करून म्हणायचे, "नऊ बसतील. चिंच काढली तर अकरा."

त्यांचंच एकट्याचं हे मत होतं असंही नाही. वार्षिक सभेत ठराव आला. घसरगुंडी, झोका काढायचे, पेव्हर ब्लॉक टाकायचे, आरजीत पार्किंग करायचं. त्यासाठी परवानगी मागायची. विरोधात सात हात वर झाले, त्यातले माझ्या मिस्टरांचे दोन्ही! बाकी सगळे बाजूने. ज्यांच्या घरात कढीपत्ता टाइमटेबलप्रमाणे यायचा, ते सुद्धा. एकाने तर मला समजावलं, "वहिनी, झाडं काय, कळंबच्या समुद्रावर गेलं की हवी तेवढी बघता येतात." मी म्हटलं, "मग गाडी पण कळंबलाच लावा!"

आजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा नातू नेमका सभेला नव्हता. आम्हीही सांगितलं नाही. सांगणार कोण, आणि कुठल्या तोंडाने?

आणि मग एका सकाळी पाटणकर टेप घेऊन आले. जागा मोजायची होती. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. त्यांनी लोपीस सरांकडे बघितलं, सर पाला झाडायला लागले. माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. पाटणकर टेप हातात घेऊन तसेच उभे.

"आन हिकडं," आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "मी धरते." त्यांनी टेपचं टोक घेतलं, चिंचेच्या मुळाशी ठेवलं आणि पायाच्या अंगठ्याने घट्ट दाबून धरलं. "काय घालताव रं? नवीन बाकडा?"

पाटणकर भिंतीपाशी जाऊन वाकले होते. तिथूनच म्हणाले, "बघतोय, आजी."

"बग, बग. त्यांना बरं वाटंल."

त्या दिवशी पाटणकरांनी अकराच फेऱ्या मारल्या आणि घरी गेले. आजींच्या ओटीत एकोणतीस चिंचोके तसेच राहिले. मला पाटणकरांचा भयंकर राग आला होता, आणि टोक धरायला आपण उठलो नाही म्हणून बरं वाटायच्या ऐवजी स्वतःची लाज वाटत होती. निदान त्या बाईच्या अंगठ्याखाली तरी ते टोक जायला नको होतं.

* * *

परवानगीच्या अर्जावर जागा बघायला महापालिकेचे साहेब आले, त्या दिवसाची गोष्ट.

सकाळी दहाची वेळ. कमिटीची माणसं कडक इस्त्रीत हजर. मी आणि लोपीस सर नुसतेच बघायला, म्हणजे खरं तर शेवटचं बघायला. आजींच्या कानावर एवढंच गेलं होतं की साहेब आरजीचा नकाशा घेऊन येणार. त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं की आता नावाची पाटी लागणार! ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. ट्रेमध्ये स्टीलचे ग्लास, चिंच-गुळाचं पन्हं. साहेबांना पहिला ग्लास त्यांनी स्वतः दिला. म्हणाल्या, "घ्या, ह्याच झाराची चिंच हाय." आणि मग बाकीच्यांना द्यायला पलीकडे गेल्या.

साहेबांनी बाकड्यावर नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून एक कोपरा लोपीस सरांनी धरला. साहेबांनी अर्ज वाचला, नकाशा बघितला आणि चष्मा काढला.

"सेक्रेटरी कोण?"

"मी," पाटणकर पुढे झाले.

"तुम्ही शिकलेली माणसं. या चौकोनात काय लिहिलंय, वाचा बरं."

"आर. जी.," पाटणकर म्हणाले.

ती दोन अक्षरं ऐकली आणि आजी ट्रे घेऊन लगबगीने जवळ आल्या. साहेबांच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या. तोंडभर हसू.

"आर. जी. बरोबर," साहेब म्हणाले. "आता आर. जी. म्हणजे काय, हे पण मीच सांगू? अहो, आर. जी. म्हणजे रि—"

लोपीस सरांना असा खोकला आला की नकाशाचा कोपरा सुटून फडफडला. माझ्या हातातला ग्लास फरशीवर पडला. पाडला म्हणा. तो ठणठणत घसरगुंडीपर्यंत गेला.

साहेब वैतागले. "काय चाललंय काय? मी एवढंच सांगतोय की आर. जी. म्हणजे—"

"राघो गणपत!" पाटणकर म्हणाले.

खणखणीत आवाजात. सभेत ठराव वाचतात तसे.

आजींनी एका हाताने ट्रे सांभाळत दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर घेतला.

साहेबांनी नकाशाकडे बघितलं. मग पाटणकरांकडे. पाटणकर त्यांच्या नजरेला नजर देऊन उभे होते आणि कपाळावरून घाम ओघळत होता. मग साहेबांनी शेजारी बघितलं, त्या पदराकडे, ट्रे धरलेल्या हाताकडे. त्यांच्या मिशीला पन्हं लागलेलं होतं. ते त्यांनी रुमालाने पुसलं. सावकाश चष्मा घातला. पेनाचं टोपण लावलं.

"असं आहे होय," ते म्हणाले. "मग सेक्रेटरी, जागा ज्यांच्या नावाची आहे, त्यांना विचारल्याशिवाय इथे गाड्या कशा लावता येतील?"

"गाड्या?" आजी म्हणाल्या. "हितं?"

आजींनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. शेवटी पाटणकरांकडे. पाटणकर स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

आजींनी ट्रे बाकड्यावर ठेवला. पदर सारखा केला. आमच्याकडे पाठ करून चिंचेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वर बघितलं. वरून थोडा पाला पडला.

आजी परत वळल्या.

"इचारलं," त्या म्हणाल्या. "नको बोलतान."